आक्कांच्या मौनाचे दिवस

आक्का महिन्यातले चार दिवस बोलत नसत, आणि निपाणीतल्या आमच्या गल्लीत त्या चार दिवसांत सगळ्यात जास्त ऐकू यायच्या त्या आक्काच. यात काही विचित्र आहे असं गल्लीत कुणाला वाटत नसे. तोंड त्यांचं बंद असायचं आणि चालायचं माझं.

दोन अष्टम्या आणि दोन चतुर्दश्या. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मौन. आक्का जैन, आमच्या घरमालकीण, तेव्हाच साठीच्या पुढच्या. माझे वडील बस डेपोत मेकॅनिक. आमचं मूळ गाव खानापूरकडचं, पण बदलीमुळे आम्ही निपाणीत येऊन आक्कांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला लागलो होतो. मौन कशासाठी, हे आक्का स्वतःच सांगायच्या. "जीभ लई चालतीया माझी. चातुर्मासात महाराज आलते, त्यांनी सांगितलं, बाई, चार दिवस तरी ती झाकून ठेव." महाराजांना बिचाऱ्यांना पाटीची कल्पना नसावी. लाकडी चौकटीची एक जुनी दगडी पाटी आक्कांच्या मांडीवर असायची, आणि मौनाच्या दिवशी त्या तिच्यावर लिहून भांडायच्या, लिहून सौदा करायच्या, लिहून गल्लीतल्या सुनांना शहाणपण शिकवायच्या. कुणी म्हटलंच, की आक्का, हे कसलं मौन, तर दुसऱ्या दिवशी उत्तर तयार. "महाराज जिभेचं बोलले, हाताचं न्हाय."

अडचण एवढीच होती, की आक्का मराठी बोलायच्या आमच्यासारखंच, पण लिहायच्या फक्त कन्नड. माहेर चिकोडीकडचं, शाळा कन्नड. आणि आमच्या गल्लीतली माणसं बाजारात कन्नडातून अगदी झकास घासाघीस करायची, पण कन्नड अक्षर दिसलं की मान फिरवायची. बसची पाटीसुद्धा शेजारच्याला विचारून घ्यायची. त्यामुळे आक्कांनी लिहिलेलं कुणीतरी वाचून मराठीत सांगणं भाग होतं. पूर्वी हे काम त्यांचे यजमान करायचे. ते गेले आणि पुढचे दोन-तीन महिने आक्का मौनाच्या दिवशी खरोखरच गप्प राहिल्या. मग त्यांना मी सापडले.

मी चौथीत होते आणि शाळेत अवाक्षर काढत नव्हते. अडखळत होते असं नाही. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर डोक्यात यायचं, पण हे आपलं आहे की शेजारच्या मुलीचं ऐकलेलं, आपण बोललो तर आवाज कसा निघेल, हसतील का, या गोंधळात घंटा व्हायची. बाईंनी आईला बोलावून सांगितलं, मुलीला कुणाला तरी दाखवा. आईनं आक्कांना दाखवलं, कारण त्या सगळ्यात जवळ होत्या. आक्कांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आईला म्हणाल्या, "बोलत न्हाय व्हय? मग वाचंल की. बोलायचं काय ते माझं मी बघती."

म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

शिकवायची त्यांची रीत अशी होती. शाळेत आम्हाला कन्नड मुळाक्षरं नुकती सुरू झाली होती आणि आम्ही सगळ्याच मुली कन्नड कविता देवनागरीत लिहून घेऊन पाठ करत होतो. आक्कांनी ती वही बघितली, मिटली आणि शेगडीजवळच्या फळीवर ठेवून दिली. मग खडू घेऊन घरभर नावं लिहिली. पिठाच्या डब्यावर हिट्टु, घागरीवर नीरु, साखरेवर सक्करे, मिठावर उप्पु, सगळं कन्नड लिपीत. रोज चार वाजता मी जायचं आणि त्या मागतील तो डबा काढून द्यायचा. आठवड्याभरात मला सगळं यायला लागलं. आक्का खूश, मी खूश, आई तर फारच खूश.

एके दिवशी त्यांच्याकडे बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले, कुणी पाहुणे आले होते. मला चहाला साखर आणायला सांगितली. मी नेहमीच्या जागेवरचा डबा काढून दिला. पाहुण्यांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला पळून जावंसं वाटलं. आक्कांनी आदल्या रात्री डब्यांतला माल बदलून ठेवला होता आणि नावंही बदलून लिहिली होती. डब्यावर स्वच्छ अक्षरात उप्पु लिहिलेलं होतं. "डबा बघितलास," आक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अक्षर न्हाय बघितलंस." पाहुण्यांच्या चहाचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यानंतर मी वर्षभर त्या घरात मीठसुद्धा दोनदा वाचून उचलत असे, आणि आमच्या घरच्या डब्यांवर काहीच लिहिलेलं नाही म्हणून घाबरत असे.

वाचायला आलं तशी मी कामाला लागले. मौनाच्या दिवशी शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि आक्कांच्या पायरीवर, त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभं राहायचं. त्या मांडीवर पाटी घेऊन लिहायच्या, मी वरून वाचायची. लिहून झालं की आक्का पाटी उचलून समोरच्या माणसाकडे फिरवायच्या. त्याला अक्षर ओळखू येवो न येवो, ज्याला बोलायचं त्याच्याकडे पाटीचं तोंड पाहिजे, हा त्यांचा नियम होता. मग मी मराठीत सांगायची. एखादा शब्द मी मवाळ केला की पाटीवर खडू दोनदा वाजायचा, टक टक. म्हणजे चुकलं, परत बोल. त्यांनी चार शिव्या लिहिल्या असतील तर मी तीन सांगून चालत नसे.

शेजारच्या काकू धुण्याचं पाणी आमच्या दारासमोर ओतत. त्यावरून एका अष्टमीला जी जुंपली ती गल्लीत बरीच वर्षं सांगितली जायची. आक्कांचा हात पाटीवर भराभर चालला होता. पाटी भरली की फिरवायची, मी ओरडायचं, पुसायची, परत लिहायची. मी, जी शाळेत हजेरीलासुद्धा नुसता हात वर करत होते, ती कमरेवर हात ठेवून काकूंना ठणकावत होते, "तुमच्या सासूनं हेच शिकवलं व्हय? धुणं तुमचं आणि चिखल आमचा?" काकूंना समजेना, रागवावं कुणावर. बोलणारी मी, पण बघणाऱ्या आक्का. त्या एक वाक्य माझ्याकडे बघून टाकत, दुसरं आक्कांकडे बघून. शेवटी त्या रडकुंडीला येऊन माझ्या आईला म्हणाल्या, "बघा की तुमची पोरगी मला काय काय बोलतीया." आई धावत आली. आक्कांनी शांतपणे पाटी पुसली आणि लिहिलं. मी वाचलं, "ती न्हाय बोलली. मी बोलले." हे मीच बोलले, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

शाळेत बाई थक्क. वाचून दाखवायचं असलं की मी उभी राहायची, आवाज खणखणीत. प्रार्थनेनंतर बातम्या मीच वाचायची, मराठीतल्याही आणि कन्नडातल्याही. दहावीला कन्नडात वर्गात मी पहिली आले. लोक म्हणाले, आक्कांनी पोरीला बोलतं केलं. मलाही तसंच वाटायचं.

ते खरं नाही हे मला बेळगावात कॉलेजला गेल्यावर कळलं. मी हिंडलग्याला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होते. दुसऱ्या वर्षी सेमिनार होता. मी वीस पानं वाचून, टिपून, इंग्रजीत पाठ करून गेले आणि न अडखळता सगळं सांगितलं. सरांनी टेबलावर पेन ठेवलं आणि विचारलं, "हे सगळं लेखकांचं झालं. तुला काय वाटतं?" झालं. दातखीळ बसली. खरंच सांगते, मी डाव्या बाजूला खाली बघितलं, जिथं आक्कांची मांडी असायची. तिथं कॉलेजची फरशी होती. मुलं हसली नाहीत, उलट कुणीतरी पाणी आणून दिलं, त्याची जास्त लाज वाटली. मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, विषय समजला नव्हता असंही नाही. मला काय वाटतं, हे मला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आक्कांना फोन करून सगळं सांगितलं. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, "मग तुला काय वाटत हुतं?"

"तेच तर कळत नाही, आक्का."

"मग गप बसलीस ते बरं केलंस. तोंड हाय म्हणून बोलायचं नसतंय, काम हाय म्हणून बोलायचं असतंय." एवढं बोलून त्यांनी दूधवाल्याची तक्रार सुरू केली.

माझ्याकडे स्मार्टफोन आला म्हटल्यावर आक्कांनीही घेतला होता. मी बेळगावला गेल्यामुळे त्यांच्या मौनाची पंचाईत झाली होती, त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली. चतुर्दशीला सकाळी मी लेक्चरला बसलेली असायची आणि व्हॉट्सॲपवर पाटीचा फोटो यायचा, अर्ध्यात पाटी, अर्ध्यात अंगठा. मी वर्गाबाहेर येऊन तो वाचायची आणि मराठीत आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. निपाणीत आक्का तो दूधवाल्यासमोर मोठ्यानं लावायच्या. बेळगावच्या कॉलेजच्या जिन्यात उभी राहून मी ओरडत असे, "आजचं दूध न्हाय, पाणी हाय, आरशासारखं तोंड दिसतंय त्यात!" शिपाईमामा माझ्याकडे बघत आणि मी मान खाली घालून वर्गात जाऊन बसे.

पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. मी इतका वेळ बाजूबाजूनं चालले आहे.

मी सहावीत असताना, एका चतुर्दशीला, दुपारी चारच्या सुमाराला आक्कांचे धाकटे भाऊ आले. गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, पण गल्लीनं त्यांना बघितलेलं नव्हतं, फक्त नाव ऐकलेलं होतं. त्यांची आई आप्पांकडे असायची. ती गेली तेव्हा आक्कांना निरोप पोचला तो तिला नेल्यावर. आप्पांचं म्हणणं, फोन लागत नव्हता, माणूस पाठवला होता, तो वाटेत अडकला. आक्कांचं म्हणणं, आईचं तोंड मला बघू दिलं नाही. तेव्हापासून आक्का माहेरी गेल्या नव्हत्या. माहेरचा विषय निघाला की, बोलायच्या दिवशीसुद्धा, त्या गप्प बसायच्या.

आप्पा पायरीखाली उभे राहिले. अंगात पांढरा शर्ट, हातात गुळाची ढेप असलेली पिशवी, उन्हानं घामाघूम. चपला काढल्या नाहीत. म्हणाले, "आक्का, थोरल्या पोरीचं लगीन ठरलंय. आवतन द्यायला आलोय. आत्याच न्हाय म्हटल्यावर कसं व्हायचं?"

आक्कांनी पाटी ओढली. त्या दिवशी हात भराभर चालत नव्हता. एकदा खडू मोडला, तुकडा उचलून परत लिहिलं. दोनच ओळी होत्या. मी वरून वाचल्या: आई गेल्यावर कळवलंस. आता मी गेल्यावर ये.

आक्कांनी नेहमीप्रमाणे पाटी उचलून भावाकडे फिरवली. आता माझी पाळी होती.

मी तोपर्यंत त्या पायरीवरून काय काय बोलले होते. काकूंची सासू काढली होती, भाजीवाल्याचा तराजू काढला होता. मला कसलीच भीती नव्हती, कारण ते माझं नव्हतंच. आणि त्या दोन ओळी मात्र तोंडातून बाहेर येईनात. का, ते मला आजही सांगता येत नाही. आप्पांची दया आली म्हणावं तर मी त्यांना ओळखत नव्हते. आक्कांचं भलं करायला गेले म्हणावं तर अकरा वर्षांच्या मुलीला कसलं आलंय भलं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आक्का म्हणतात, या आत. जेवून जावा." मग भीतीनं आणखी एक जोडलं, "दिवस मावळायच्या आत जेवायला पाहिजे."

आप्पा बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मला वाटलं, ते नुसतीच अक्षरं बघताहेत. मग माझ्याकडे बघितलं, आणि चपला काढल्या.

मी टक टक ऐकायला कान टवकारून उभी होते. खडू आक्कांच्या हातात होता. काहीच वाजलं नाही. त्या उठल्या, पाटी भिंतीला पालथी टेकवली आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

आप्पा पुढच्या सोप्यात बसले, मी उंबऱ्यावर. समोर तंबाखूच्या वखारीचे पत्रे आणि त्यांच्यावर सूर्य. मौन सुटलं की आक्का बोलणार. आप्पांना हाकलणार, किंवा मला, किंवा दोघांनाही. सूर्य लवकर बुडावा म्हणून देवाचं नाव घ्यावं की बुडूच नये म्हणून, हे ठरत नव्हतं. आप्पांचं जेवण झालं. भाकरी, मुगाची आमटी, ताक. चतुर्दशी म्हणून हिरवी भाजी नव्हती. आक्का वाढत होत्या आणि ते मान खाली घालून जेवत होते. दोघांतलं कुणी दुसऱ्याकडे बघत नव्हतं.

सूर्य पत्र्यामागे गेला. आक्कांनी हात जोडून णमोकार मंत्र म्हटला, तोंडावरून पदर फिरवला आणि भावाकडे वळून म्हणाल्या, "औंदा तंबाखू कशी हाय रं?"

"बरी हाय," आप्पा म्हणाले.

संपलं. आक्का पुतणीच्या लग्नाला तीन दिवस आधी गेल्या आणि परतताना माझ्यासाठी लाडू घेऊन आल्या. मला काहीही बोलल्या नाहीत. पुढच्या अष्टमीला मी पायरीवर गेले, तर पाटीवर नेहमीसारखं दूधवाल्याचं होतं. मी वाट बघत राहिले. सातवीत, दहावीत, कॉलेजात, दर वेळी सुट्टीला गेले की वाटायचं, आज विचारतील. मी विचारावं असंही वाटायचं, पण विचारलं तर आक्का खरं काय ते सांगतील आणि भावाचं येणं-जाणं परत बंद होईल, या भीतीनं मी तोंड मिटून घ्यायची. आप्पा आता महिन्यातून एकदा येत होते. ते सगळं माझ्या एका खोट्यावर उभं आहे, हे फक्त मला माहीत होतं. आक्कांना माहीत होतं खरं, पण त्या बोलत नव्हत्या.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. या वेळी निरोप सगळ्यांना वेळेवर मिळाला. शेवटचे दोन दिवस आप्पा उशाशी बसून होते. पुढे बस्तीच्या सभागृहात श्रद्धांजलीची सभा ठेवली आणि गल्लीनं सांगितलं, आक्कांबद्दल हिनंच बोलायचं, ही आक्कांचा आवाज होती. मी चार पानं लिहून आणली. चांगली मराठी, दोन-तीन कन्नड वाक्यं, सगळं नीट. माइकसमोर उभी राहिले. पहिल्या रांगेत काठी धरून आप्पा, त्यांच्यामागे काकू, दूधवाला, आई. मी चार ओळी वाचल्या आणि मला एकदम वाटलं, मी हे पण वाचतेच आहे. आक्कांबद्दल सांगायचं तेसुद्धा कुणीतरी दुसऱ्यानं लिहिल्यासारखं वाचते आहे. कागद खाली केला.

"सगळे म्हणतात," मी म्हणाले, "आक्कांनी लिहिलेलं मी जसंच्या तसं सांगायची. ते खरं नाही. एकदा मी खोटं सांगितलं. आप्पा पहिल्यांदा आले होते त्या दिवशी. पाटीवर दुसरंच लिहिलं होतं."

आईचा चेहरा पांढरा पडला. आता हे मी का बोलले, आक्का नाहीत, कुणाला याचं काय, म्हाताऱ्या माणसाच्या हातात मी काय ठेवते आहे, असं सगळं एकाच वेळी डोक्यात सुरू झालं. तेवढ्यात आप्पा बोलले. आधी कन्नडात, मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, सावकाश, एकेक शब्द.

"आई गेल्यावर कळवलंस. आता मी गेल्यावर ये."

मी त्यांच्याकडे वळले.

"मी वाचलतं की, पोरी," आप्पा म्हणाले. "साळा एकच आमची. मला कन्नड येत न्हाय असं तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. गल्लीत आक्कांची पाटी मला एकटीलाच वाचता येते, असं मी धरून चालले होते. माइक समोर आहे हे विसरून मी विचारलं, "मग तुम्ही आत का आलात?"

"तू ये म्हणालीस," आप्पा म्हणाले. "आणि ती गप बसली."

म्हणजे त्या पायरीवर आम्ही तिघंही होतो आणि तिघांनाही ठाऊक होतं. मी ज्याला इतकी वर्षं माझं खोटं समजत आले ते नेमकं कुणाचं होतं, माझं, की गप्प बसणाऱ्या आक्कांचं, की चपला काढणाऱ्या आप्पांचं, याचा मला तिथं उभ्या उभ्या काही पत्ता लागेना. आजही लागलेला नाही. रडू मात्र आलं, आणि ते माझंच होतं.

आप्पांनी काठी जमिनीवर टेकली. "बोल की फुडं," ते म्हणाले. "थांबलीस कशाला?"

सगळे वाट बघत होते. मी चारही पानं घडी करून आईकडे दिली. पुढं काय बोलायचं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी बोलायला लागले.